गुणपत्रिका आणि संशोधनाची साक्ष



पदवीनंतर संशोधनाच्या अभ्यासक्रमास प्रवेश द्यावयाचा, तर उमेदवाराची योग्यता कशावरून ओळखावी? परीक्षेतील गुणांवरून त्याने दुसऱ्यांचे ज्ञान किती आत्मसात केले ते समजते. ज्याचे उत्तर पुस्तकात नाही अशा प्रश्नापुढे तो किती काळ टिकेल, हे मात्र त्यांवरून समजत नाही. ते विद्यार्थिदशेत केलेल्या एखाद्या लहानशा संशोधनावरून कळते. या बाबतीत महाराष्ट्रातील दोन उदाहरणे मननीय आहेत.

पहिले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात असताना, पदवी मिळण्याच्या दोन वर्षे आधी, म्हणजे १९२७ साली, स्वतंत्र गणिती कार्याबद्दल त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. प्रवेशासाठी याहून चांगली शिफारस ती कोणती? तथापि पदव्युत्तर शिक्षण त्यांच्या वाट्यास आले नाही. १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळेत शिकवीत राहिले, आणि तेथूनच त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म शोधून काढला. चार अंकी संख्येचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करीत जावे. सर्व अंक सारखे नसतील तर फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येते. १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात मार्टिन गार्डनर यांनी लिहिले, तेव्हा हे नाव जगभर झाले.

दुसरे उदाहरण कमला भागवत, पुढे सोहोनी, यांचे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत त्या पहिल्या आल्या. तरीही केवळ स्त्री म्हणून बंगळूरच्या विज्ञान संस्थेचे संचालक सर चंद्रशेखर रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला. त्यांनी आग्रह धरला, तेव्हा एका वर्षाच्या परीक्षणकाळाच्या अटीवर प्रवेश मिळाला. पहिल्या क्रमांकाने जे साधले नाही, ते प्रयोगशाळेतील वर्षभराच्या कामाने साधले. त्या संशोधनाच्या पाठबळावर त्या १९३७ साली केंब्रिजला गेल्या आणि १९३९ साली पीएच.डी. झाल्या.

मात्र एक भेद विसरू नये. कमलाबाईंचे वडील आणि चुलते त्याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते; संशोधनाचा मार्ग घरातच ठाऊक होता. भोर तालुक्यातील आंबवड्यासारख्या गावाहून पुण्यास शिकावयास जाणाऱ्या मुलाला असा वाटाड्या क्वचितच लाभतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी चार वर्षांची पदवी सामान्यतः ७५ टक्के गुणांनी मिळविणारा विद्यार्थी थेट पीएच.डी.च्या प्रवेशास पात्र ठरतो. अशा वेळी पदवीकाळातील संशोधनाचे मोल वाढणारच, आणि ते योग्यही आहे. परंतु प्रवेशाच्या वेळी जो अनुभव विचारावयाचा, तो आधी प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्यास दिला पाहिजे. नाहीतर आपण बुद्धीची पारख केली असे म्हणू, आणि प्रत्यक्षात पारख होईल ती घराण्याच्या ओळखींची.