घरच्या घरी रेडिएटरचा पंखा काढताना

खारघरमधील बेलपाड्याहून पुण्याकडे निघालेली मोटार शीव-पनवेल महामार्गाने कळंबोलीला पोहोचते आणि तेथून द्रुतगती मार्गाला लागते. सपाटीवर वेगाने धावताना समोरचा वाराच रेडिएटर थंड ठेवतो. पंखा बंद पडलेला असला तरी चालकाला त्याचा पत्ता लागत नाही. खोपोलीनंतर बोरघाटाची चढण सुरू होते, पुढे अवजड वाहनांची रांग असते, वेग मंदावतो आणि इंजिनावरील भार मात्र वाढतो. तापमानाचा काटा नेमका येथे लाल खुणेकडे सरकू लागतो. तरीही गाडी तशीच दामटली, तर हेड गॅस्केट जळण्यापर्यंत वेळ येते आणि पंख्याच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च अंगावर पडतो.

कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमिअर पद्मिनीत हा पंखा पट्ट्याच्या साहाय्याने इंजिनावरच फिरत असे. पट्टा तुटला की पंखा थांबे आणि दोष डोळ्यांना दिसे. ऑक्टोबर २०२३ मध्ये या टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मध्ये इंजिन आडवे बसविलेले होते व पंख्याला स्वतंत्र विजेची मोटर होती. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हीच रचना आढळते. पाणी साधारणतः ९५ ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की पंखा आपोआप सुरू होतो. तो ‘आपोआप’ सुरू होतो, हीच घरी काम करणाऱ्याने सर्वाधिक ध्यानात ठेवण्याची गोष्ट. काही गाड्यांत किल्ली काढल्यानंतरही काही काळ पंखा फिरू शकतो आणि त्याच्या पात्यांत सापडलेल्या बोटांना गंभीर इजा होते.

पाने हाती घेण्यापूर्वी पंखाच बिघडला आहे काय, याची खातरजमा करावी. इंजिन चालू ठेवून वातानुकूलन यंत्रणा सुरू केली की बहुतेक गाड्यांत पंखा थोड्याच वेळात फिरू लागतो. तो फिरला नाही, तर आधी फ्यूज, मग रिले आणि त्यानंतर कपलर तपासावा. इंजिन बंद करून, कपलर सोडवून मोटरला फ्यूज लावलेल्या तारांनी बॅटरीचे १२ व्होल्ट थेट द्यावेत. हात व कपडे पात्यांपासून दूर असावेत. पंखा फिरला, तर दोष वायरिंगमध्ये किंवा तापमान मोजणाऱ्या सेन्सरमध्ये आहे, असे समजावे. पंखा उतरविण्याचे कारणच मग उरत नाही. काही नव्या गाड्यांत पंख्याचा नियंत्रक मोटरलाच जोडलेला असतो. त्यांना ही चाचणी लागू पडत नाही.

पंखा काढायचाच असेल, तर गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक लावावा आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. दोनएक तास थांबण्याचा कंटाळा करू नये. रेडिएटरचे झाकण पाणी दाबाखाली ठेवते. सुमारे ०.९ बार दाबाखाली साधे पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळते. गरम असताना झाकण उघडणे म्हणजे शिट्टीवर आलेल्या कुकरचे झाकण ओढण्यासारखेच होय. त्यानंतर बॅटरीचे ऋण टोक सोडवावे.

पंखा, मोटर आणि भोवतालची प्लॅस्टिकची चौकट एकत्रच बाहेर येते. चौकटीचे बोल्ट बहुधा दहा नंबरच्या पान्याने सुटतात. काही गाड्यांत खालची बाजू नुसती खाचेत बसविलेली असते. कपलरची खीळ दाबून तो सोडवावा, तारेला धरून ओढू नये. इंजिनाच्या उष्णतेने ते प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते. पंखा आणि रेडिएटर यांच्यामध्ये पुठ्ठा सरकवून ठेवावा आणि मगच चौकट सरळ वर उचलावी. रेडिएटरच्या पातळ पत्र्यांना कोपरा लागला की ते दुमडतात. नळीला छिद्र पडले, तर पंख्याचे काम बाजूलाच राहते. मोटरवरून पाते काढताना नट हलत नसेल, तर जोर करण्याआधी आटे उलटे नाहीत ना, हे पाहावे.

वरची रबरी नळी आड येत असल्यास थोडे कूलंट काढून घ्यावे लागते. त्यातील इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असते. सोसायटीच्या वाहनतळावर ते सांडलेले राहिले, तर कुत्र्या-मांजरांच्या आणि खेळणाऱ्या मुलांच्या जिवावर बेतू शकते. ते झाकणाच्या डब्यात साठवावे, गटारात ओतू नये. विद्युत व हायब्रीड गाड्यांत नारिंगी वेष्टनाच्या उच्चदाब तारा असल्याने हे काम प्रशिक्षित कारागिराकडेच सोपवावे.

पंखा पुन्हा बसविल्यावर कूलंटची पातळी भरून झाकण लावावे आणि इंजिन जागेवरच चालू ठेवून पंखा सुरू होण्याची वाट पाहावी. तो फिरू लागताच पुढच्या जाळीसमोर कागद धरावा. कागद जाळीला चिकटला, तर वारा योग्य दिशेने जात आहे. तो दूर उडाला, तर जोडणीत तारांची अदलाबदल झाल्याची शक्यता असते.