शिकारी बाज : पाळीव की बंदिवान?

बाराव्या शतकात सीरियातील हमा शहरात एक जनाजा निघाला. सोबत कुराणपठण करणारे कारी होते, तकबीरचा घोष चालला होता, लोकांची गर्दी लोटली होती. जवळच्या शैजर किल्ल्याच्या अमीर घराण्यातील उसामा इब्न मुन्किझ (१०९५–११८८) त्या वेळी हमा येथे होता. हमाच्या अधिपतीचे मूल वारले, असे त्यास सांगण्यात आले. दफन उरकल्यावर खुद्द अधिपती शिहाबुद्दीन महमूद यानेच उलगडा केला : मृत झाला होता तो उसामाच्या वडिलांचा शिकारी बाज, अल्-यहशूर!

उसामाने ही हकीकत 'किताबुल इतिबार' या आपल्या आठवणींच्या ग्रंथात नमूद केली आहे. ती वाचून मनात प्रश्न येतो, की असा शिकवलेला बाज हा पाळीव प्राणी म्हणावा, की बंदिवान?

उसामाच्या वडिलांना दोन छंद होते. कुराणशरीफाच्या प्रती स्वहस्ते लिहिणे आणि शिकार. अल्-यहशूर त्यांच्या घरातलाच एक होऊन गेला होता. परंतु उसामा पुढे फार मोलाची गोष्ट सांगतो. इतर शिकारी पक्षी स्वतःच्या पोटासाठी शिकार करतात, हा मात्र धन्याच्या सेवेसाठी करी. म्हणजे जन्मभर बाज हाताळलेल्या माणसाच्या मते अल्-यहशूर हा अपवाद होता, नियम नव्हे.

धर्मशास्त्रानेही हा विचार केला आहे. सूरह अल्-माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या जनावरांनी धन्यासाठी धरलेली शिकार हलाल ठरविली आहे. मग 'शिकवलेला' कोणास म्हणावे? बाराव्या शतकातील 'हिदाया' या हनफी ग्रंथाचे उत्तर असे : कुत्रा माणसाळलेलाच असतो; म्हणून त्याने धरलेली शिकार तीन वेळा न खाता सोडली, तर तो शिकला. बाजाचा स्वभाव मुळात रानटी, दूर पळण्याचा. म्हणून हाक मारताच तो परतला, तर तो शिकला. बाजाला मारून शिकवता येत नाही, कारण त्याचे शरीर मार सोसू शकत नाही, असेही तेथे म्हटले आहे. आम्हा शिक्षकांनी हे वाक्य ध्यानात ठेवण्याजोगे आहे!

जो उडून जाऊ शकतो आणि तरी परततो, त्यास बंदिवान कसे म्हणावे? परंतु नाण्याला दुसरी बाजूही आहे. हा पक्षी रानातून पकडून आणीत. पायात चामडी वादी बांधीत, काही ठिकाणी पापण्या दोऱ्याने शिवीत. अरबांनी त्याऐवजी डोळ्यांवर चामडी टोपी चढविण्याची रीत रूढ केली. रोमन सम्राट दुसरा फ्रेडरिक (११९४–१२५०) याने ती त्यांच्याकडून उचलली आणि आपल्या बाजविद्येवरील ग्रंथात हे ऋण मान्य केले. टोपीने क्रौर्य कमी झाले खरे, पण पक्षी परतण्याचे खरे कारण भूक हेच राहिले. मोजून मापून दिलेला मांसाचा तुकडा, हीच त्याची अदृश्य साखळी होय.

म्हणून माझे मत असे, की शिकारी बाज आरंभी बंदिवान असतो. पुढे भाकरीवर राबणारा चाकर होतो. घरचा होतो तो एखादाच. त्याच्यावर माया केली म्हणून त्याला पकडल्याची गोष्ट पुसली जात नाही.

२०१० साली युनेस्कोने बाजविद्येची गणना मानवाच्या वारशात केली. या विद्येत अरबांचा वाटा मोठा आहे आणि त्याचा अभिमान अवश्य बाळगावा. भारतात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बहिरी ससाणा, शिकरा आदी पक्ष्यांना संरक्षण दिले आहे. त्यांना पकडणे व घरी ठेवणे गुन्हा आहे. विद्यार्थी मित्रांनो, घिरट्या घालणारा शिकरा दिसला, तर मान वर करून मनसोक्त पाहा. त्याला हाक मारून परत बोलावण्याचा हक्क आपल्याला नाही.