हातपंपाचे पाणी आणि वाकलेली हाडे : जबलपूरच्या संशोधनाचा एक अध्याय

मध्य प्रदेशातील जबलपूर येथे, नागपूर मार्गावरील गढा भागात, भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची आदिवासी आरोग्याला वाहिलेली संस्था आहे. १९८४ साली प्रादेशिक संशोधन केंद्र म्हणून तिची स्थापना झाली. पुढे तिला राष्ट्रीय आदिवासी आरोग्य संशोधन संस्था हे नाव मिळाले. हिवताप, सिकलसेल, कुपोषण हे तिच्या अभ्यासाचे प्रमुख विषय होत. तथापि वैद्यक, अभियांत्रिकी आणि समाजविज्ञान या तिन्ही शाखांना एकत्र आल्याशिवाय गत्यंतर नाही, हे सर्वांत स्पष्टपणे दाखवून दिले ते मंडला जिल्ह्यातील फ्लोरोसिसच्या अभ्यासाने.

मंडला हा जबलपूरला लागून असलेला, गोंड आणि बैगा समाजाची मोठी वस्ती असलेला जिल्हा. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात तेथील तिलईपानी व हीरापूर या गावांतील अनेक मुलांच्या पायांची हाडे वाकू लागल्याचे आढळले. चालताना गुडघे एकमेकांवर घासत आणि घोटे दूर राहत. वैद्यकात या व्यंगाला ‘जेनु वाल्गम’ म्हणतात. जबलपूरच्या संस्थेतील डॉ. तापस चकमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी या गावांची पाहणी केली. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या कित्येक पट असल्याचे तीत दिसून आले. हे पाणी हातपंपाचे होते. या पाहणीचे निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाले.

सुरक्षित पाण्याचा दुसरा चेहरा

हातपंप गावात आला तो आरोग्यासाठीच. उघड्या विहिरी व नाल्यांचे पाणी पटकी, हगवण, विषमज्वर यांना कारणीभूत होत असे. १९७०च्या दशकात ‘इंडिया मार्क २’ हा हातपंप तयार झाला. त्याच्या घडणीला जालना आणि सोलापूर येथील पंपांचा अनुभव उपयोगी पडला होता. हे यंत्र टिकाऊ व स्वस्त असल्याने देशभर लक्षावधी कूपनलिकांवर ते बसविले गेले. खोलवरचे पाणी जंतूंपासून बरेच मुक्त असते, हा हिशेब बरोबर होता. परंतु पाणी जितके खोल, तितका काळ ते खडकाच्या सान्निध्यात राहते आणि खडकातील फ्लोराइड त्यात विरघळते. पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर हे प्रमाण अधिकच वाढते. फ्लोराइडला रंग, वास किंवा चव नसल्याने पाणी स्वच्छच दिसते. त्याचा पत्ता लागतो तो प्रयोगशाळेतील तपासणीतच.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. दुसरा स्रोत उपलब्धच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंतची मुभा आहे. अल्प प्रमाणातील फ्लोराइड दातांना हितकारक ठरते. अतिरेक झाला की दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात, पुढे सांधे आखडतात आणि हाडे विकृत होतात. वाढीच्या वयातील मुलांना याची झळ सर्वाधिक बसते.

आहाराचा धागा

भारतात या रोगाची नोंद १९३७ साली तत्कालीन मद्रास प्रांतातील नेल्लोर भागात झाली. पाय वाकण्याच्या व्यंगाचा फ्लोराइडशी असलेला संबंध हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील संशोधकांनी १९७३ साली मांडला. आहारात कॅल्शियमची उणीव असली की फ्लोराइडची बाधा तीव्र होते, हे त्यानंतरच्या अभ्यासांतून पुढे आले. त्यामुळे तेच पाणी पिणाऱ्या दोन घरांतील मुलांची अवस्था सारखी असेलच असे नाही. प्रश्न पाण्याचा असतो, तितकाच दारिद्र्याचाही.

जबलपूरच्या संशोधकांनी हा धागा उपायांत आणला. सुरक्षित पाण्याची सोय, कॅल्शियम, लोह व ‘क’ जीवनसत्त्व देणारा आहार आणि ग्रामस्थांचे आरोग्यशिक्षण अशी त्यांची त्रिसूत्री होती. त्यात स्थानिक ‘चकोडा’ भाजीला विशेष स्थान मिळाले. ही भाजी म्हणजे महाराष्ट्रात पावसाळ्यात माळरानावर उगवणारा टाकळा. बाहेरून गोळ्या आणण्यापेक्षा लोकांच्या परिचयाची, विनामूल्य मिळणारी भाजी पुन्हा ताटात आणणे अधिक टिकाऊ ठरते. मात्र वाढ पूर्ण झाल्यावर हाडांत कायम झालेली विकृती आहाराने सरळ होत नाही. त्यासाठी शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून मूल लहान असतानाच रोग ओळखणे मोलाचे आहे.

तंत्र आहे, सातत्य हवे

अभियांत्रिकीकडे उपाय नव्हता असे नाही. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, १९७०च्या दशकात ‘नलगोंडा तंत्र’ विकसित केले. पाण्यात ठरावीक मात्रेत चुना व तुरटी मिसळून ढवळल्यावर गाळाबरोबर फ्लोराइड तळाशी बसते आणि वरचे पाणी गाळून वापरता येते. तंत्र स्वस्त व सोपे आहे. पण मात्रा अचूक हवी, काम रोज करावे लागते आणि साचलेल्या गाळाची विल्हेवाट लावावी लागते. ही जबाबदारी कोणाची, हे निश्चित नसले तर यंत्रणा पडून राहते. दूषित हातपंप बंद करतानाही असाच प्रश्न उभा राहतो. पर्यायी पाणी जवळ नसेल, तर हंडा घेऊन चालण्याचे अंतर घरातील स्त्रीच्या वाट्याला येते आणि बंद केलेला पंप पुन्हा सुरू करण्याची मागणी होते. नदीचे किंवा तलावाचे शुद्ध केलेले पाणी नळाने पुरविणे हा अधिक खात्रीचा मार्ग मानला जातो. मंडला शहर नर्मदेच्या काठी असले, तरी डोंगराळ भागातील विखुरलेल्या पाड्यांपर्यंत ते पाणी नेणे खर्चाचे व कष्टाचे काम आहे.

केंद्र शासनाने २००८-०९ मध्ये फ्लोरोसिस प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, तर घरोघरी नळ देणारे जलजीवन मिशन २०१९ साली आले. हा विषय महाराष्ट्राला परका नाही. चंद्रपूर, यवतमाळ व नांदेड जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलातही फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळले आहे.

याच संस्थेच्या इतर कामांतही हाच अनुभव येतो. मंडला जिल्ह्यातच २०१७ साली हिवताप निर्मूलनाचा प्रात्यक्षिक प्रकल्प हाती घेण्यात आला. औषध उपलब्ध होते. गावोगावी तापाचा रुग्ण वेळेवर शोधणे हे खरे काम होते. सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाला. तेथेही रक्ततपासणीइतकेच महत्त्व विवाहपूर्व समुपदेशनाला आहे.

मंडल्यातील मुलांच्या वाकलेल्या पायांचे निदान वैद्यकाने केले, पण ते पाय सरळ राहावेत यासाठी पाण्याचा स्रोत, ताटातील भाजी आणि देखभालीची जबाबदारी या तिन्हींचा विचार करावा लागला. नव्या कूपनलिकेचे पाणी पिण्यास खुले करण्यापूर्वी त्याची फ्लोराइड तपासणी करणे, हा या संशोधनाचा सर्वांत साधा धडा आहे. त्याची किंमत एका नमुन्याच्या तपासणीपुरती असते. तो विसरल्याची किंमत मात्र एखादे मूल आयुष्यभर मोजते.