पत्र्याच्या पेटीतला इतिहास

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो बांधवांना धम्मदीक्षा दिली. त्या दिवसाचे फोटो आज घरोघरी भिंतीवर आहेत. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत निघालेल्या अंत्ययात्रेचे चित्रीकरण नामदेवराव व्हटकरांनी कर्ज काढून केले, म्हणून तो जनसागर आपल्याला डोळ्यांनी पाहता येतो. पण हे झाले मोठ्या प्रसंगांचे. ज्या आज्या-आजोबांनी घरातले देव नदीत सोडले, दिवसभर मोलमजुरी करून रात्री विहाराच्या पायात दगड टाकले, त्यांचे फोटो कुठे आहेत? आपल्या वस्तीत त्या काळी कॅमेरा होताच कुणाकडे! लग्नाला नाहीतर नोकरीच्या अर्जाला स्टुडिओत जायचे, तेही दुसऱ्याचा कोट अंगात घालून.

आमच्या घरी मात्र एक अपवाद घडला. माझे मामा जहाजावर नोकरीला होते. परदेशातून त्यांनी कॅमेरा आणला आणि स्लाइडचे रोल आणले. स्लाइड म्हणजे कागदावर न छापता फिल्मवरच सरळ उमटलेला रंगीत फोटो, दोन इंची चौकटीत बसवलेला. प्रोजेक्टरमध्ये घालून पाहायचा. भीमजयंतीच्या रात्री विहारापुढे पांढरी चादर ताणून मामा त्या दाखवत. चादरीवर आपली आजी हत्तीएवढी दिसली की आम्ही पोरं टाळ्या पिटायचो, आणि आजी लाजून घरात पळायची.

मामा गेले, प्रोजेक्टर बिघडला, पेटी माळ्यावर गेली. तीसेक पावसाळे तिने तिथेच काढले. गेल्या वर्षी वर्धापनदिनाची तयारी सुरू झाली तेव्हा कुणीतरी आठवण काढली म्हणून ती खाली उतरवली. आत २१४ स्लाइड निघाल्या. कितीतरींवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी.

इथे माझ्या हातून जे झाले ते लिहिलेच पाहिजे. आजी घराच्या उंबऱ्यात बसलेली एक स्लाइड होती. बुरशी निघावी म्हणून मी ओल्या फडक्याने पुसली, तर बुरशीबरोबर आजीचा चेहराही फडक्यावर आला. नंतर एका जाणकाराने समजावले. फिल्मवरचा रंग जिलेटिनच्या थरात असतो, बुरशी तेच जिलेटिन खाते, आणि खाल्लेला थर पाण्यात विरघळतो. म्हणून पाणी लावायचेच नाही. मऊ कोरड्या ब्रशने किंवा रबरी फुग्याच्या हवेने जेवढी धूळ जाईल तेवढीच घालवायची. आजीची तेवढी एकच स्लाइड होती. दुसरी नाही.

मामांच्या बऱ्याचशा स्लाइड कोडाक्रोमच्या आहेत. १९३५ साली निघालेली ही फिल्म अंधारात ठेवली तर रंग फार टिकवते, उलट प्रोजेक्टरच्या उजेडात लवकर उडते. म्हणजे माळ्यावरच्या अंधाराने, बुरशी दिली तरी, रंग राखले म्हणायचे! काही दुसऱ्या फिल्म होत्या, त्या तांबूस पडल्या आहेत. कोडाक्रोम बनवणे कंपनीने २००९ साली थांबवले, आणि ती धुणारी जगातली शेवटची लॅब अमेरिकेत कॅन्सस राज्यात होती, तिने २०१० च्या डिसेंबरअखेर नवे रोल घेणे बंद केले.

स्कॅनिंग वस्तीतल्याच एका मुलाने केले. स्लाइडचे चित्र जेमतेम ३६ बाय २४ मिलिमीटर. इंचाला २४०० ठिपके धरले तर साधारण ३४०० बाय २२७० ठिपक्यांची प्रत मिळते, भिंतीवर लावण्याइतकी. स्कॅनरमध्ये धूळ आपोआप काढणारी सोय असते, ती कोडाक्रोमवर नीट चालत नाही, म्हणून त्याने ती बंद ठेवली. मूळ प्रती टिफ फाइलमध्ये ठेवल्या आहेत आणि दोन वेगवेगळ्या घरी दोन हार्डडिस्कवर. मूळ स्लाइड टाकलेल्या नाहीत, कुणी टाकूही नयेत.

आता खरी गोष्ट. विहारावर पत्रे १९७२ च्या दुष्काळात चढले असे आपण सगळे सांगत आलो, मागच्या स्मरणिकेतही तसेच छापले. पण पत्रे चढतानाच्या स्लाइडच्या चौकटीवर 'फेब्रुवारी ७५' असा शिक्का आहे. शिक्का फोटो धुतल्याचा असतो, काढल्याचा नव्हे. रोल कॅमेऱ्यात पडूनही राहतो. म्हणून आम्ही चौकटीवरचे नंबर लावून पाहिले. त्याच रोलमधली ९ नंबरची स्लाइड मामांच्या धाकट्या मुलीच्या नामकरणाची, आणि तिचा जन्म डिसेंबर १९७४ चा. पत्र्यांच्या स्लाइडचा नंबर १४. म्हणजे पत्रे त्या नामकरणानंतर चढले, १९७२ साली नव्हे.

आणि दुसरे असे की, पत्रे चढवणारे म्हणून आपण पाच-सहा पुरुषांचीच नावे घेतो. स्लाइडमध्ये वर छपरावर तीन पुरुष आहेत. खाली घमेली वाहणाऱ्या आणि पत्रे उचलून देणाऱ्या बाया अकरा. एकीच्या कडेवर मूल आहे.

आम्ही मोठी प्रत काढून महिला मंडळातल्या सर्वांत वयस्कर आईंपुढे ठेवली. त्यांना अंधुक दिसते. फोटो नाकाशी धरून एकेकीवर बोट ठेवत गेल्या. "ही मी. ही माझी जाऊ. हिला नवरा मारायचा, तरी यायची." दहा नावे मिळाली, ती फोटोच्या मागे आणि वहीत लिहून ठेवली. अकराव्या बाईचा चेहरा पदराआड आहे. वर उचललेल्या उजव्या मनगटावर गोंदण आहे, विंचवासारखे. आई बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "ओळखीची हाय, पन नाव येईना तोंडात."

तो फोटो विहारात बुद्धमूर्तीच्या डाव्या भिंतीवर लावला आहे. ते गोंदण कुणाच्या आईचे, आजीचे वाटले तर रविवारी वंदनेनंतर सांगावे. वही तिथेच ठेवली आहे.