अध्ययन अक्षमता

बुद्धिमत्ता सर्वसाधारण किंवा त्याहून अधिक असून, दृष्टी व श्रवण ठीक असून आणि शाळेत नियमित शिकवले जात असूनही काही मुले वाचन, लेखन किंवा गणन यांत वयाच्या मानाने बरीच मागे राहतात. या अवस्थेला अध्ययन अक्षमता किंवा विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनाशी निगडित प्रकाराला डिस्लेक्सिया, लेखनाशी निगडित प्रकाराला डिसग्राफिया आणि गणनाशी निगडित प्रकाराला डिस्कॅल्क्युलिया अशी नावे आहेत. एकाच मुलात यांपैकी दोन किंवा तिन्ही प्रकार आढळू शकतात. अवस्थेचे मूळ मेंदूच्या जडणघडणीत असते आणि ती अनेकदा एकाच कुटुंबात दिसते. औषधाने ती जात नाही. योग्य अध्यापनाने तिचे परिणाम बरेच कमी होतात. बौद्धिक अक्षमता, तसेच गैरहजेरी किंवा घरची भाषा व शाळेची भाषा वेगळी असणे यांमुळे येणारे मागासलेपण यांपासून ती वेगळी आहे.

इतिहास : डिस्लेक्सिया ही संज्ञा जर्मन नेत्रतज्ज्ञ रुडोल्फ बर्लिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मेंदूच्या विकारामुळे वाचनक्षमता गमावलेल्या प्रौढांसंबंधी वापरली. १८९६ मध्ये इंग्लंडमधील डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी चौदा वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. तो हुशार होता, हिशेबातही चांगला होता, पण त्याला वाचता येत नव्हते. सगळे शिक्षण तोंडी असते तर तो शाळेत पहिला आला असता, असे त्याच्या शिक्षकांचे मत मॉर्गन यांनी नोंदवले. पुढे अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन व ॲना गिलिंगहॅम यांनी उपचारात्मक अध्यापनाची पद्धत बसवली आणि १९६३ मध्ये सॅम्युअल कर्क यांनी अध्ययन अक्षमता ही व्यापक संज्ञा रूढ केली.

मराठीतील स्वरूप : देवनागरीत इंग्रजीसारखा स्पेलिंगचा घोळ नसल्याने मराठी माध्यमातील मुलांना हा त्रास होत नाही, असा समज बराच काळ होता. तो खरा नाही. येथे अडचणीच्या जागा वेगळ्या आहेत. सुटी अक्षरे मूल उशिरा का होईना शिकते, अडते ते स्वरचिन्हांशी आणि जोडाक्षरांशी. पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहावी लागते त्याच्या आधी. रफार उच्चारात अगोदर असतो, त्याची खूण मात्र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसते. त्यामुळे ‘कर्म’ आणि ‘क्रम’ यांची गल्लत होते. घ-ध, भ-म, थ-य अशा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची अदलाबदल होते. अनुस्वार सुटतात. फळ्यावरची ओळ उतरवून घेताना शब्द मध्येच तुटतो. पहिली-दुसरीत अशा चुका बहुतेक मुले करतात. तिसरी-चौथीतही त्या तशाच राहिल्या, तर तपासणीची गरज असते. प्रत्यक्षात तोवर प्रगतिपुस्तकात ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ असा शेरा पडलेला असतो.

गणनात मराठी संख्यानामे अडचणीत भर घालतात. ‘त्रेपन्न’मध्ये तीन आधी ऐकू येतात आणि मूल ३५ लिहिते, ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतात, लिहायचे असतात २९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांबरोबर ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची रीत दिली गेली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. विषय समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी या रीतीचे जाहीर समर्थन केले. हा बदल सर्वच मुलांसाठी होता, पण संख्यानाम आणि अंकलेखन यांतील विसंगती डिस्कॅल्क्युलिया असलेल्या मुलाला अधिक भोवते.

कायदा व सवलती : १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश नव्हता. महाराष्ट्र शासनाने मात्र १९९६ मध्येच अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली. लेखी परीक्षेत २५ टक्के जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, लेखनिक, एका भाषेतून सूट आणि बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे गणित व कार्यानुभवाचा विषय अशा त्या होत्या. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाचे तपासणी केंद्र यासाठी ओळखले जाऊ लागले. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने हा विषय घरोघरी पोचवला. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश केला. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी प्रमाणपत्रासाठी किमान वय ८ वर्षे ठरवले आणि १४ व १८ व्या वर्षी फेरतपासणी सांगितली.

उपचारात्मक अध्यापन : यात अक्षर एकाच वेळी पाहून, उच्चारून आणि बोटाने गिरवून शिकवले जाते. रेतीत किंवा खरखरीत कागदावर गिरवणे, सारखी दिसणारी अक्षरे एकाच दिवशी न शिकवणे, शब्दाचे ध्वनी टाळीने तोडणे, जोडाक्षरे फोडून पुन्हा जोडणे ही त्याची नेहमीची साधने. पाठ छोटे असतात आणि उजळणी भरपूर असते. दशक-एककासाठी काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या वापरतात.

प्रश्न : भारतात उपचारात्मक अध्यापनाचे काम भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेल्या विशेष शिक्षकांचे आहे. प्राथमिक स्तरावर दर १० आणि त्यापुढे दर १५ विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे प्रमाण केंद्र सरकारने २०२२ मध्ये ठरवले. सरकारी शाळांत मात्र एकाच विशेष शिक्षकाला अनेक शाळांत फिरावे लागते आणि एका मुलाच्या वाट्याला फार थोडा वेळ येतो. परिणामी, दहावी जवळ आली की पालक प्रमाणपत्रासाठी धावतात. तपासणीच्या सोयी शहरांत एकवटलेल्या असल्याने ते इंग्रजी माध्यमातील शहरी मुलांना लवकर मिळते. सवलतीने मूल परीक्षेतून पार पडते, पण सवलत वाचायला शिकवत नाही. शिवाय बीजगणित-भूमिती सोडणाऱ्या विद्यार्थ्याला पुढे गणितावर आधारलेले अभ्यासक्रम जवळपास बंद होतात. म्हणून सूट घ्यावी की उपचारात्मक अध्यापन वाढवावे, याचा निर्णय नववीत येऊन घेण्यापेक्षा तिसरी-चौथीत तपासणी करून घेणे मुलाच्या अधिक हिताचे असते.