त्रयस्थाचा ओळंबा : दोन प्रार्थनामंदिरांचा इतिहास

देवालयाचा जीर्णोद्धार हाती घेतला की गावाचे लक्ष साहजिकच शिखराकडे आणि कळसाकडे लागते. कळसासाठी देणगीदार उत्साहाने पुढे येतात. पायातील चिऱ्यांची चौकशी फारसे कोणी करीत नाही. पण वास्तूचा सारा भार वाहावा लागतो तो त्यांनाच. म्हणूनच बांधणारा कितीही निष्णात असला तरी त्याचे काम कोणीतरी मोजून पाहावे, हा विचार आपल्याकडे पूर्वीपासून आहे. ‘मयमत’ या शिल्पग्रंथात स्थपती, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकी असे चार कारागीर सांगितले आहेत. त्यांपैकी सूत्रग्राही हा दोरी धरून मापे घेणारा. तो बहुधा स्थपतीचा पुत्र किंवा शिष्य असे. म्हणजे घरच्याच माणसाने घरच्या कामाची तपासणी करावयाची, अशी ती व्यवस्था होती.

ज्याचा त्या कामात मान, धन वा नाते गुंतलेले नाही अशा त्रयस्थाने येऊन वास्तू पाहावी आणि जे दिसेल ते स्पष्ट सांगावे, ही त्यापुढची पायरी होय. तिचे मोल काय, हे युरोपातील दोन ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांच्या इतिहासावरून चांगले कळून येते. योगायोग असा की दोन्ही मंदिरे संत पीटर यांच्याच नावाची आहेत.

पहिले मंदिर फ्रान्समधील बोव्हे या गावचे. १२२५ साली त्याचे नवे बांधकाम सुरू झाले. सर्व फ्रान्समध्ये उंच छत आपले असावे, अशी तेथील धर्माधिकाऱ्यांची हौस होती. सुमारे ४८ मीटर उंचीचे ते दगडी छत १२८४ साली अंशतः कोसळले. मधे नवे खांब घालून ते पुन्हा उभारण्यात आले. पुढे पश्चिमेकडचा सभामंडप बांधावयाचा राहिलेला असतानाच, मंदिराच्या मध्यभागी उंच मनोरा चढविण्याचे ठरले. १५६९ साली तो पूर्ण झाला. त्याची उंची सुमारे १५० मीटर होती. लांबून येणाऱ्या यात्रेकरूला तो कोसावरून दिसत असेल यात शंका नाही. परंतु त्याचा पाठीराखा नव्हता. पूर्वेस गाभारा, उत्तर-दक्षिणेस आडवे मंडप, असा तीन बाजूंनी आधार होता. चौथ्या बाजूस मोकळे आकाश होते! त्यामुळे मनोऱ्याखालचे खांब त्या बाजूस कलू लागले.

१५७१ साली पॅरिसहून राजाचे गवंडी तपासणीसाठी बोलावण्यात आले. त्यांनी दोष नेमका ओळखला आणि पश्चिमेकडे बांधकाम करून मनोऱ्याला आधार द्यावा, असा सल्ला दिला. परंतु खर्चाचा प्रश्न होता, मतभेद होते. चर्चेत दोन वर्षे गेली. अखेर १७ एप्रिल १५७३ रोजी काम सुरू करण्याचा निर्णय झाला आणि त्यानंतर अवघ्या तेरा दिवसांनी, ३० एप्रिलला, सणाच्या दिवशी मनोरा कोसळला. भाविक मिरवणुकीबरोबर नुकतेच बाहेर पडले होते, म्हणूनच मोठी प्राणहानी टळली. मनोरा पुन्हा उभा राहिला नाही आणि तो सभामंडपही कधी पुरा झाला नाही. ते मंदिर आजही अपुरेच आहे.

दुसरे मंदिर रोमचे. तेथील प्रचंड घुमटाची कल्पना मायकेल अँजेलो या थोर कलावंताची. त्याच्या मृत्यूनंतर, १५९० साली तो घुमट पुरा झाला. त्याचा व्यास सुमारे ४२ मीटर आहे. पुढे घुमटास तडे गेले आणि शहरात भीती पसरली. तेव्हा पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७४२ साली ल स्यूर, जाकिए आणि बॉस्कोविच या तीन गणितज्ञांना पाहणी करण्यास सांगितले. घुमट गणिताशिवाय बांधला गेला, मग दुरुस्तीला गणित कशाला, असा आक्षेप त्या वेळीही निघालाच! गणितज्ञांनी हिशेब करून घुमटास लोखंडी कडी घालण्याची शिफारस केली. पोपमहाराज तेवढ्यावर थांबले नाहीत. पादुआचे प्राध्यापक जोव्हान्नी पोलेनी यांना बोलावून त्यांनी दुसरे मतही घेतले.

पोलेनींनी केलेला प्रयोग आपल्या गवंड्यांनाही सहज समजेल. दोन टोकांना बांधलेली साखळी खाली लोंबते. ती ज्या रेषेत लोंबते तीच रेषा उलटी केली की कमानीतून भार कसा उतरतो ते दिसते. घुमटाच्या भागांचे वजन काढून पोलेनींनी त्या प्रमाणात ३२ वजने लावली व रेषा तपासली. ती दगडकामाच्या जाडीच्या आतच राहत होती. घुमट लगेच पडणार नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला. तरीही कडी घालावीत, हे त्यांनीही मान्य केले. १७४३-४४ मध्ये पाच कडी बसविण्यात आली. पुढे जुन्या कड्यांपैकी एक तुटलेले आढळले, तेव्हा १७४८ साली सहावे कडे घालण्यात आले. तो घुमट आजही उभा आहे.

दोन्ही ठिकाणी त्रयस्थ आले, दोन्ही ठिकाणी त्यांनी खरे तेच सांगितले. फरक पडला तो ऐकण्यात. बोव्हेला अहवाल चर्चेत अडकला. रोमला त्याचे लोखंड झाले. आज मुंबईत तीस वर्षांहून जुन्या इमारतींची नोंदणीकृत अभियंत्याकडून तपासणी करून घेणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामागील तत्त्व हेच. अशा तपासणीत कारागिराचा अपमान नाही, विश्वस्तांवर अविश्वास नाही. उलट घामाच्या पैशातून दिलेल्या एकेका रुपयाची ती राखण आहे. भिंतीला लावलेला ओळंबा भिंतीची निंदा करीत नाही. तो वाकडेपणा वेळेवर दाखवितो; तो सरळ करून घेणे हे बांधणाऱ्यांचे आणि बांधविणाऱ्यांचे कर्तव्य होय.