दोन घरांचे मूल

हजरत जैद बिन हारिसा यांची हकीकत आम्ही उर्दू शाळेतले शिक्षक मुलांना नेहमी सांगतो. दत्तकाच्या कायद्यातला सर्वांत अवघड प्रश्न तिच्यातच आहे. जैद कल्ब कबिल्यातले. बालपणी त्यांना पळवून गुलाम म्हणून विकण्यात आले आणि हजरत खदीजा यांच्यामार्फत ते पैगंबरांच्या घरी आले. पुढे वडील आणि चुलते त्यांना सोडवायला मक्केत पोचले, तेव्हा जैद यांनी पैगंबरांजवळच राहणे पसंत केले. पैगंबरांनी त्यांना मुक्त करून चारचौघांत आपला मुलगा म्हटले. लोक त्यांना 'जैद बिन मुहंमद' म्हणू लागले.

मदिनेत सूरह अल-अहजाबमधून हुकूम आला, की मानलेल्या मुलांना जन्मदात्या बापाच्या नावाने हाक मारावी; बाप ठाऊक नसेल तर त्यांना धर्मबंधू समजावे. जैद पुन्हा 'बिन हारिसा' झाले. पैगंबरांची माया मात्र कमी झाली नाही. इ.स. ६२९ मध्ये मूताच्या मोहिमेचे नेतृत्व त्यांनी जैद यांच्याकडेच दिले आणि तिथेच जैद शहीद झाले.

यावरून शरीयतने कफालतचा मार्ग ठरवला. अनाथाला सांभाळणे मोठे पुण्य, पण त्याची वंशावळ बदलायची नाही. तो आपोआप वारस होत नाही. त्याला हयातीत हिबा करता येतो किंवा एक तृतीयांशापर्यंत वसीयत करता येते. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतही दत्तकाबरोबर कफालतचा उल्लेख आहे.

आपल्या देशात दुसरी परंपराही होती. धर्मशास्त्रात 'द्व्यामुष्यायण' म्हणजे दोन्ही बापांचा मुलगा, असा एक दत्तक प्रकार होता. व्यवहारातही जन्मघर सुटत नसे. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. त्यांचे जन्मदाते वडील जयसिंगराव हेच त्या काळात कोल्हापूरचा कारभार पाहत होते. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मात्र दत्तकाच्या दिवसापासून जन्मघराशी असलेले नाते तुटले असे मानले. तरीही दोन धागे ठेवले. आधीच मुलाच्या मालकीची झालेली मिळकत त्याचीच राहते आणि जन्मघरात ज्यांच्याशी लग्न निषिद्ध होते, ते दत्तकानंतरही निषिद्धच राहते.

सर्व धर्मीयांसाठी दत्तक विधेयक १९७२ मध्ये राज्यसभेत आले. मुस्लिमांच्या विरोधानंतर १९७८ मध्ये ते मागे घेण्यात आले. १९८० च्या विधेयकातून मुस्लिमांना वगळले गेले. अपत्यहीन मुस्लिम जोडप्यापुढे १८९० च्या पालक व पाल्य कायद्याचाच मार्ग उरला. त्यात पालक होता येते, आईबाप नव्हे. आणि मूल सज्ञान झाले की तेही संपते. चुलत्यांनी घराबाहेर काढले तर ज्याला आपले म्हणून वाढवले, त्या मुलाने कोणता कागद दाखवायचा?

२००० चा बालन्याय कायदा आणि त्याची २००६ ची दुरुस्ती यांनी हा दरवाजा उघडला. शबनम हाश्मी प्रकरणात १९ फेब्रुवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की धर्म कोणताही असो, या कायद्याने मूल दत्तक घेता येते. ज्याला आपल्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे चालायचे असेल त्याच्यावर सक्ती नाही. २०१५ च्या कायद्याने दत्तक मुलाला पोटच्या मुलाचा दर्जा दिला, पण जन्मघराची नाती तुटतील असेही लिहिले. तुटलेल्या धाग्याचा शोध घेण्याची सोय दत्तक नियमावलीत आहे. अठरा वर्षांनंतर मूल स्वतः आपल्या मुळांचा शोध मागू शकते. मात्र जन्मदात्यांच्या गोपनीयतेचाही मान राखला जातो.

आम्ही वर्गात हजेरी घेतो तेव्हा मुलाच्या नावामागे बापाचे नाव येते. आमच्या मते मुलाला दोन्ही गोष्टी हव्यात: आपण कोणाचे याची खरी नोंद आणि ज्या घरात वाढलो तिथला पक्का हक्क. जन्मदात्याचे नाव जपा, हा हुकूम मुलाच्या भल्यासाठी आहे. त्याचा आधार घेऊन त्याच मुलाला रिकाम्या हाताने बाहेर काढणाऱ्यांनी जैद यांची हकीकत शेवटपर्यंत वाचावी. हिबा आणि वसीयत हयातीतच लिहून ठेवावी, नाहीतर २०१५ च्या कायद्याचा रस्ता धरावा. मूल मात्र मधल्या मध्ये लोंबकळत राहू नये.